भोंडल्यातलं शेवटचं कडवं

मला ठाऊक असलेल्या भोंडल्याच्या एकाही गाण्याला रडकी चाल नाही. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती हात धरून फेर धरायचा आणि ऐलमा-पैलमापासून सुरुवात करायची, की मग तासभर पायांना थांबायचं सुचत नाही. चाल तीन-चार सुरांत फिरते, शब्द पावलाच्या ठेक्यावर पडतात आणि शेवटी खिरापतीचा डबा खुळखुळवून आत काय आहे ते ओळखण्याची झुंबड उडते. कुणी याला हादगा म्हणतं, कुणी भोंडला. विदर्भ-खानदेशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडतात. नावं, दिवस आणि गाण्यांचे पाठ वेगवेगळे असले, तरी गाण्यांतली सून एकच आहे आणि तिचे हाल सगळीकडे सारखेच आहेत.

चाल इतकी पुढे धावते, की त्या हालांकडे बघायला उसंत मिळत नाही. अक्कण मातीचं गाणं घ्या. मातीचं जातं घडतं, जात्यावर सपीठ दळलं जातं, सपिठाच्या करंज्या होतात, करंज्या तबकात बसतात, तबकावर शेला पडतो आणि सगळं पालखीत बसून माहेरी निघतं. लहान मुलींना या साखळीची मोठी मौज वाटते. पण साखळी जिथे संपते तिथे गाणं सांगतं काय? माहेरी खायला मिळतं आणि सासरी कोंडून मार मिळतो. हेही त्याच ठेक्यात, त्याच उत्साहात म्हटलं जातं. करंजीला आणि कोंडून घालण्याला चालीनं वेगळं वागवलेलं नाही.

कारल्याच्या वेलाचं गाणं तर रचनेच्या दृष्टीनं मला फार मोठं वाटतं. सुनेला माहेरी जायचं आहे. सासू नाही म्हणत नाही. ती म्हणते, आधी कारल्याची बी पेर, मग जा. बी पेरली. आता कोंब फुटू दे. कोंब फुटला. वेल वाढू दे. मग फूल, मग कारलं, मग त्याची भाजी. ते सगळं झालं, की सासऱ्याला विचार. सासरा दिराकडे बोट दाखवतो, दीर नणंदेकडे, आणि परवानगीचं घोडं घरभर फिरत राहतं. बऱ्याच ठिकाणी शेवटी वेणी-फणी होऊन तिची पाठवणी होते खरी, पण तोवर एक अख्खा हंगाम गेलेला असतो. फेरातल्या मुलींना प्रत्येक नव्या कडव्याला हसू येतं, कारण पुढची अट काय असेल याची त्यांना उत्सुकता असते. गाणाऱ्यांची गंमत आणि गाण्यातल्या बाईचा छळ एकाच गोष्टीतून निर्माण होतो: लांबण. घरात कुणी आवाज चढवत नाही, कुणी हात उगारत नाही, तरी एका बाईचं तिच्या आईकडे जाणं महिनोन्‌महिने अडवता येतं, हे यापेक्षा नेमकं सांगणारी रचना मराठीत मला तरी सापडलेली नाही.

रुसलेल्या राणीच्या गाण्यात सासू समजूत घालायला जाते, सासरा जातो, दीर जातो, प्रत्येक जण काहीतरी देऊ करतो आणि राणी हलत नाही. शेवटी नवरा जातो. काही पाठांत तो मंगळसूत्र देऊ करतो. मी ज्या पाठावर वाढले, त्यात त्याच्या हातात लाल चाबूक आहे. राणी लगेच उठून घरी येते आणि फेर हसतो.

आणि मग वेड्याच्या बायकोचं गाणं. सगळ्यांत मोठा हशा याच गाण्याला. बायको लाडू करते, तर वेडा ते चेंडू समजून खेळायला घेतो. करंज्या करते, तर तो होड्या म्हणून पाण्यात सोडतो. शेवया करते, तर त्याला ती गांडुळं वाटतात. प्रत्येक कडव्यात एक पदार्थ आणि एक घोटाळा. आता पुढे चकली येणार की अनारसा, असं म्हणेपर्यंत शेवटचं कडवं येतं. त्यात पदार्थ नाही. बायको दमून झोपली आहे. वेडा येतो, बघतो, त्याला वाटतं ही मेली, आणि तो तिला जाळून टाकतो. लाडू, करंजी, शेवया यांच्या रांगेत ती बाई येऊन बसते. तिच्यासाठी गाणं क्षणभरही थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भोंडला चालला होता. गाड्या बाजूला काढलेल्या, मधोमध पाट, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आज्या. वेड्याचं गाणं संपलं, सगळ्या हसल्या आणि पुढच्या गाण्याची जुळवाजुळव सुरू झाली. माझी भाची हात सोडून तिथेच उभी राहिली. सात-आठ वर्षांची असेल. तिनं विचारलं, ‘‘मावशी, ती झोपलीच होती ना? मग त्याला कुणी सांगितलं का नाही? घरात बाकीचे कुठे होते?’’ खुर्चीवरून एक आजी म्हणाल्या, ‘‘अगं, गाणं आहे ते बाळा.’’

मुलीचा प्रश्न अगदी बरोबर होता. सासू, सासरा, दीर, नणंद यांच्यावाचून भोंडल्याचं पान हलत नाही आणि नेमक्या या गाण्यात घरात तिसरं माणूस नाही. वेडा आणि त्याची बायको, बस्स. ज्यांनी हे लग्न ठरवलं, ज्यांना मुलाचं दुखणं ठाऊक होतं, ते सगळे गायब आहेत. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की पूर्वी मुलींची लग्नं त्यांना न विचारता, त्यांना काही कळायच्या आत लावून द्यायचे. नवरा कसा निघाला तरी परत यायची वाट नसायची आणि आजारी माणसाला औषधोपचारही नसायचे. त्या वेड्यावर आपण हसतो, पण त्यालाही कुणी सांभाळलेलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, परत फेरात शिरली आणि पुढचं गाणं खणखणीत आवाजात म्हणाली.

मी तिला सांगितलं त्यात अतिशयोक्ती नव्हती. मुंबईच्या रखमाबाईचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झालं. मोठी झाल्यावर तिनं नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, 1884 साली तिच्यावर दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूनं लागला, पण 1887 साली हायकोर्टानं तिला नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं. तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिनं आयुष्यभर रुग्णसेवा केली. अशी रखमाबाई एखादीच. 1929 च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदावर नेलं, तेही केवढ्या विरोधानंतर. जोडीदाराचं मानसिक आजारपण हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू स्त्रीला देशभर मिळालं ते 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं. त्याआधी वेड्याच्या बायकोला पदार्थ करत राहण्यापलीकडे फारसं काही हातात नव्हतं.

दुःख गायची दुसरी सोयही आपल्याकडे होती. जात्यावरची ओवी. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. ओवी पहाटेच्या अंधारात, एकटीनं किंवा दोघींनी, जात्याच्या घरघरीत म्हणायची. तिची लय संथ असते. ओवीत बाई आपल्या आईशी, भावाशी, विठ्ठलाशी बोलते आणि जे बोलते ते तिच्या एकटीचं असतं.

भोंडला याच्या उलट. तो भर अंगणात, तिन्हीसांजेच्या आधी, सगळ्यांच्या देखत. ओट्यावर सासूही बसलेली. तिच्या तोंडावर ‘सासर वाईट, मारतं’ हे ओरडून म्हणायचं आणि तिनं खिरापत वाटायची! हे शक्य झालं ते केवळ चालीमुळे. तक्रार एकीनं केली असती तर तिची घरी गेल्यावर धडगत नव्हती. पण वीसजणींनी एका सुरात, टाळ्या देत, हसत म्हटली, की ती कुणाचीच उरत नाही आणि सगळ्यांची होते. सासूला राग मानता येत नाही, कारण हा खेळ आहे. शिवाय ही गाणी तिलाही तोंडपाठ आहेत. तीही कधीतरी त्याच फेरात होती आणि तिलाही कुणीतरी कारल्याची बी पेरायला लावली होती. हसऱ्या चालीमुळे या बायकांना उघड बोलता आलं.

चालीनं आणखी एक काम केलं. शोकगीत सहा वर्षांच्या मुलीला कोण शिकवतं? आणि शिकवलं तरी तिच्या लक्षात राहत नाही. उड्या मारत म्हणायचं गाणं मात्र जन्मभर राहतं. म्हणून छापील पुस्तक हाती नसताना, लिहितावाचता येत नसलेल्या बायकांच्या तोंडून, ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. सरोजिनी बाबरांसारख्या अभ्यासकांनी लोकसाहित्य गोळा करून छापलं ते पुष्कळ नंतर.

तरीही मला या गाण्यांचं नुसतं कौतुक करता येत नाही. ज्या हशामुळे बोलता आलं, त्याच हशानं छळ अंगवळणीही पाडला. चाबूक बघून राणी उठते तेव्हा फेर हसतो आणि त्या हसण्यात लहान मुलगी शिकते, की रुसवा संपवायचा हा एक मार्ग आहे. कारल्याची वाट बघणारी सून कधी चिडत नाही, प्रत्येक अट निमूट पुरी करते. पोरींना सासरचं बाळकडू पाजण्याचं कामही भोंडल्यानं केलं, हे मान्य करायला हवं. या गाण्यांतून इशारा मिळत होता आणि शिस्तही लावली जात होती. नणंद-भावजयींच्या गाण्यात मात्र एक झुळूक आहे. शिंक्यातलं लोणी वहिनीनं खाल्लं अशी चुगली करून नणंद भावाला काठी घ्यायला सांगते आणि भाऊ बायकोला घरची लक्ष्मी म्हणतो. मारायची वेळ आली तरी न मारणारा पुरुष या गाण्यांच्या जगातही होता, याचं मला फार समाधान वाटतं.

जाळून मारण्याचं कडवं ही जुन्या काळातली विचित्र कल्पना होती, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. ऐंशीच्या दशकात स्टोव्हचा भडका उडून सून भाजल्याच्या बातम्या वाचत आमची पिढी मोठी झाली. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत 498 अ हे कलम आलं आणि 2005 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. याच 1983 साली स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं. त्यातल्या बायकाही गात-नाचतच मुलीच्या जन्माचं दुखणं सांगत होत्या. त्यांनी कार्यकर्त्या म्हणून जे जाणूनबुजून केलं, ते हादग्याच्या अंगणात पूर्वीपासून चालत आलेलं होतं.

अलीकडे शाळांमधून आणि सोसायट्यांतून भोंडल्याची गाणी धुऊन-पुसून घेण्याकडे कल दिसतो. वेड्याच्या गाण्यातलं शेवटचं कडवं गाळतात, सासूच्या जागी काहीतरी गोडगोड घालतात, मुलांवर वाईट परिणाम नको म्हणतात. काळजी खरी आहे, उपाय चुकीचा. कडवं गाळल्यानं त्या बाईचं जळणं टळत नाही. ती कुणी होती याची आठवण तेवढी पुसली जाते. तिच्यामागे ना दावा राहिला, ना निकाल, ना फोटो. एक कडवं तेवढं राहिलं आहे.

येत्या आश्विनात ज्यांच्या दारी फेर धरला जाईल, त्यांनी गाणी सगळ्या कडव्यांसकट म्हणावीत. चालीला हात लावू नये, ती जितकी रंगेल तितकी रंगू द्यावी. आणि मधेच एखादी पोरगी हात सोडून ‘घरात बाकीचे कुठे होते’ असं विचारायला लागली, तर तिला ‘गाणं आहे ते’ म्हणून गप्प करू नये. ते कुठे होते, हे तिला खरंखरं सांगावं.