निरगाठ

जानेवारीत अमेरिकेतल्या लिंकनमध्ये पारा उणे वीसला टेकतो, तेव्हा गाडीचं दार ओढायलाही दोन्ही हात लावावे लागतात. तरी दर गुरुवारी सकाळी नऊला आमच्या घराजवळच्या लुथरन चर्चच्या तळघरात दहा-बारा बायका हजर असतात. चार शिलाई मशिनं, दोन इस्त्र्या, कोपऱ्यात पातळ कॉफी. त्यांत विट्याची मी एकटी आणि पन्नाशीच्या आतलीही मी एकटीच. इथं ऐंशी वर्षांच्या बाईलाही नुसत्या नावानं हाक मारायची रीत आहे. अकरा वर्षं झाली, माझी जीभ अजून वळत नाही. म्हणून मी कुणाला हाकच मारत नाही. जवळ जाऊन उभी राहते.

आमचं काम म्हणजे अर्धवट राहिलेल्या गोधड्या पुऱ्या करणं. क्विल्ट चौकोना-चौकोनांनी शिवतात. बारा इंचाचा एक चौकोन, शिवणीसाठी चहूबाजूंनी पाव इंच, म्हणजे कापायचा साडेबारा. त्याला ब्लॉक म्हणतात. कुणी हौसेनं सुरुवात करते आणि सहा ब्लॉकांनंतर कंटाळते. कुणाचा रंग फसतो, कुणाचे डोळे जातात. असे मागे राहिलेले ते ऑर्फन ब्लॉक, अनाथ चौकोन. आमच्याकडे ते खोक्यांनी येतात. बहुतेक खोकी घर रिकामं करताना निघालेली असतात. आई वारलेली असते, मुलगा दुसऱ्या राज्यातून चार दिवसांसाठी येतो. फर्निचर विकतो, भांडी देऊन टाकतो, पण हातानं शिवलेलं कचऱ्यात टाकायला त्याचा हात धजत नाही. तो आमच्या दारात खोकं ठेवतो आणि घाईनं निघून जातो.

खरं सांगायचं तर मला हा सगळा प्रकार सुरुवातीला श्रीमंती चाळा वाटायचा. दुकानातून नवं कोरं सुती कापड वारानं आणायचं, त्याच्या चिंध्या करायच्या आणि त्या पुन्हा जोडायच्या! विट्याला आमच्याकडे चांगली लुगडी बोहारणीकडे जायची आणि जी तीही घेणार नाही ती वाकळीत. दसरा काढताना नदीवर वाकळ धुवायला दोघी लागायच्या. वाळत घातली की आजी बोट ठेवून सांगायची, हे धाकट्या आत्याचं, हे तात्यांचं धोतर. वाकळ म्हणजे घरातल्या माणसांची यादीच.

माझं मत बदललं ते एका खोक्यामुळे. त्यात षटकोनांची फुलं होती. ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन ही नक्षी 1930 च्या दशकात अमेरिकेत घरोघर शिवली जायची. एका षटकोनाच्या कडेला मोठ्या भोकांची सरळ ओळ दिसली. मला वाटलं कसर लागली. शेजारची आजीबाई म्हणाली, नाही, ही पोत्याची शिवण उसवल्याची भोकं आहेत. मंदीच्या काळात पिठाची, पेंडीची पोती छापील सुती कापडाची येत, आणि बायका नक्षी बघून पोतं निवडत. पुढे पोत्याची दोन पोलकी व्हायची, उरलं तर क्विल्टला. इथं लिंकनमध्ये इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे. आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्यानं आपला संग्रह इथल्या विद्यापीठाला दिला, त्यातून 1997 मध्ये ते उभं राहिलं. तिथं टांगलेले क्विल्ट मी आधीही पाहिले होते, पण तिथं हात लावता येत नाही. भोकं बोटालाच कळतात.

तर खोक्यातले चौकोन. एकीचा साडेबारा इंच आणि दुसरीचा साडेबारा इंच कधीही जुळत नाही. लहान पडेल त्याला चारी बाजूंनी पट्टी जोडायची आणि मग सगळे एका मापाला छाटायचे. आमचं पुरं माप साठ बाय ऐंशी. चार उभ्या रांगांत सहा-सहा, असे चोवीस ब्लॉक. मग बाजूंना सहा-सहा इंचांची आणि वर-खाली चार-चार इंचांची किनार. हिरव्या-खाकी ठिपक्यांचं लष्करी कापड आलं तर आम्ही बाजूला काढतो. आमचे बरेच क्विल्ट लुथरन वर्ल्ड रिलीफकडून परदेशी निर्वासितांकडे जातात. तसल्या कापडातली माणसं कुणाच्या दारावर चालून आलेली असतील, काय सांगावं. काही क्विल्ट गावातच राहतात. इराकमधल्या सिंजारहून परागंदा झालेल्या यझिदींची अमेरिकेतली मोठी वस्ती लिंकनमध्येच आहे.

वाकळीला धावदोरा घालत महिना जातो. इथं वरचं कापड, मधला कापूस आणि खालची कुणाची तरी जुनी चादर एकत्र अंथरायची आणि वीतभर अंतरानं जाड दोऱ्याची गाठ मारायची. दोन तासांत काम संपतं. माझ्या पहिल्या क्विल्टच्या निम्म्या गाठी उचलतानाच सुटल्या. आजीबाईनं दोरा माझ्या हातातून घेतला, एकदा उजवा वर, एकदा डावा वर, आणि करकचून ओढला. मी सुरगाठ मारत होते, तिनं निरगाठ शिकवली. हे दोन शब्द तिला सांगितले. तिला निरगाठ म्हणता येईना, पण मारता उत्तम येत होती.

मागच्या महिन्यात एकोणीस ब्लॉक आले. सगळे ओहायो स्टार, निळ्यावर पांढरी चांदणी, टीप इतकी सरळ की आम्ही सगळ्याजणी गप्प झालो. पाच आमच्याकडून घालायचे ठरले. इस्त्री करताना दिसलं, एका चांदणीचा एक कोपरा आडवा फिरलेला. चांदणीचं टोक आत घुसलेलं. कुणीतरी म्हणालं, जुन्या बायका मुद्दाम एक चूक ठेवायच्या, निर्दोष फक्त देव. ही गोष्ट मी इथं कितीदा ऐकली आहे आणि एकदाही पटलेली नाही. चूक ठेवावी लागत नाही, ती होते. आजीबाई म्हणाली, राहू दे. मी मात्र तो ब्लॉक गुपचूप पिशवीत टाकून घरी आणला.

रात्री दिव्याखाली शिवण उसवायला घेतली. चार टाके निघाल्यावर कापड ताणलं, तर शिवणीलगत बारीक भोकांची दुसरी ओळ. पलीकडे अजून एक. म्हणजे शिवणाऱ्या बाईनं हा कोपरा आधीच दोनदा उसवला होता. दोनदा पुन्हा शिवला होता आणि तिसऱ्यांदाही तो आडवाच बसला होता. मी बराच वेळ तो तुकडा बोटात फिरवत बसले. तळघरातल्या खोक्यावर तिचं नाव नव्हतं.

उसवलेले चार टाके मी तिच्याच भोकांतून, हातानं, परत घातले. गुरुवारी तो ब्लॉक तिसऱ्या रांगेत लावला. आजीबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग इस्त्री फिरवली, आणि त्या आडव्या कोपऱ्यावर पहिली गाठ मला मारायला सांगितली. उजवा वर, डावा वर.