आडवं पडल्यावर काय होतं?

जिना चढताना दम लागणार हे मी धरूनच चालले होते. पण पाचवा महिना सरता सरता नुसती भाजी निवडत बसले असतानाही छातीत धडधडायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "होतंच गं. आम्ही पोट घेऊन चिखलात लावण्या केल्या." ह्यांची नोकरी धाटावच्या एमआयडीसीत, पाळ्या बदलत्या. ते रात्रपाळीला गेले की कधी कधी कारखान्यांकडून उग्र वास यायचा. खिडकी लावावी तर खोली कोंदायची, उघडी ठेवावी तर घसा खवखवायचा. धाप वासाने लागते, उकाड्याने लागते की पोटातल्या जिवामुळे, हे मध्यरात्री कोणाला विचारणार?

नेमका प्रश्न विचारला तो आशाताईंनी. कार्डावर वजन लिहिता लिहिता म्हणाल्या, "आडवं पडल्यावर काय होतं? वाढतं की कमी होतं?"

"डाव्या कुशीवर बरं वाटतं. उताणी झाले की जीव घाबरतो."

"आणि झोपेतून उठून बसावं लागतं?"

"एखाद्या रात्री."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. त्या दिवशी त्या मला स्वतः रोह्याला घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी सासूबाईंचीच बाजू घेतली. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं आणि ते सगळं हृदयालाच फिरवावं लागतं. म्हणून नाडी मिनिटाला दहा-वीस ठोके पुढे पळते. संप्रेरकांमुळे श्वास मुळातच खोल होतो आणि पुढे पोट वाढलं की छातीखालचा पडदा वर ढकलला जातो. तेव्हा थोडी धाप, थोडी धडधड ठरलेलीच. मात्र वाढलेल्या रक्तात पाणी जास्त, लाल पेशी त्या मानाने कमी. माझं हिमोग्लोबिन निघालं ८.४, निदान ११ तरी हवं. रक्त पातळ, मग हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागणारच. गोळ्या मला सोसत नव्हत्या, म्हणून लोह शिरेतून द्यायचं ठरलं. सलाइनच्या बाटलीत कोऱ्या कॉफीच्या रंगाचं औषध थेंबथेंब उतरायचं आणि नर्स दर थोड्या वेळाने विचारायची, "खाज? थंडी? चक्कर?"

थायरॉइड ठीक होतं, ईसीजीही ठीक. तरी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" मी तिथूनच पेणला आईला फोन लावला. "आठवीत गुडघे सुजले होते की तुझे," आई म्हणाली, "पावसात भिजल्यामुळे." त्या एका वाक्यापायी टूडी इको लिहून मिळालं. तसल्या तापाने हृदयाची झडप आक्रसते. एरवी वर्षानुवर्षं कळतही नाही. रक्त वाढलं की पहिल्यांदा गरोदरपणातच ती डोकं वर काढते.

इकोसाठी पनवेल. दिवा गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण नागोठणं, पेण कधी गेलं ते कळलं नाही. अंधाऱ्या खोलीत छातीवर गार जेल लावलं आणि पडद्यावर माझी झडप दिसली, एवढीशी पापणी, फटाफट उघडमीट करणारी. मशीनवाल्याचा चेहरा निर्विकार. मला वाटतं, त्यांना तसंच शिकवत असावेत. अहवाल चांगला आला, झडपा धड निघाल्या.

मग राहिलं ते निभावणं. भाकऱ्या मी ओट्याशी स्टूल घेऊन बसून थापायला लागले. पाठीशी दोन उशा, कूस डावी. लोहाची गोळी नंतर पुन्हा सुरू झाली, ती लिंबूपाण्याबरोबर. चहा तासभर लांब. धडधड सुरू झाली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनगटावर नाडी मोजायची. बसल्या जागी १२० च्या वर राहिली, ठोके वेडेवाकडे पडले, छातीत दुखलं, घेरी आली, खोकल्यात रक्त दिसलं किंवा आडवं पडणंच अशक्य झालं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा. हे सगळं ह्यांनी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. सासूबाईंना आधी ते अभद्र वाटलं. पण पुढे एका रात्री त्याच चष्मा लावून माझी नाडी मोजत बसल्या होत्या.

बाळंतपण पेणला नीट झालं. "सुटलीस," असं सगळ्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र तसं म्हटलं नाही. हृदयाचा स्नायू अशक्त होण्याचा एक आजार बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांतही येऊ शकतो, पाय सुजले किंवा धाप पुन्हा लागली तर बाळाला घेऊन या, म्हणाल्या. वेळ आली नाही.

परवा खालच्या मजल्यावरची सून जिन्यात थांबली. "वहिनी, फार धाप लागते हो. होतंच ना असं?"

"होतं. आडवं पडल्यावर?"

"तेव्हा बरं वाटतं."

"आणि हिमोग्लोबिन कधी बघितलंस?"

"नाव घातलं तेव्हा."

तिला सातवा लागलाय. आशाताईंचा नंबर दिला आणि तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या, तिच्याकडून फोन लावून घेतला.