राखणदाराच्या गावात

‘गोव्यात रात्री फिरायला भीती नाही ना?’ आमच्या मंडळातली तरुण मुलं हमखास विचारतात. बातम्या किनाऱ्यावरच्या असतात. मला ठाऊक आहेत ते पेडणे-डिचोलीतले आतले वाडे.

पेडण्यात माझी आत्या सत्तरी उलटूनही एकटी राहते. रात्री राखणदार काठी घेऊन गावाच्या सीमेवर फिरतो, ही तिची श्रद्धा. दिवसाची राखण मात्र सोप्यावर बसलेली म्हातारी मंडळी करत. ‘कोणाचो रे तू?’ असं विचारल्याशिवाय अनोळखी माणसाला वाड्यात शिरता येत नसे. डिचोलीकडे तर चोरापेक्षा रस्त्याचीच धास्ती. 2012 मध्ये खाणी थांबेपर्यंत खनिजाच्या ट्रकांची रीघ असे आणि शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायला घरचं कोणीतरी लागे.

मोपाला 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरू लागली, तसे पेडण्यात भाडेकरू वाढले. त्यांची माहिती पोलीस ठाण्यात देणं घरमालकाला बंधनकारक आहे, ती द्यावीच. पण परप्रांतीय दिसला की संशय, हे मला पटत नाही. आत्याचा सिलिंडर आत आणून ठेवतो तो शेजारच्या खोलीतला बिहारी मजूरच.

काळजी वाटते ती बंद घरांची. तिच्या वाड्यावर अकरापैकी सहा दारांना कुलूप. मालक मुंबईत, दुबईत. दिवे लागतात ते चतुर्थीपुरते. यंदा गेलात तर परतताना शेजारी किल्ली आणि फोन नंबर ठेवून या. आत्याकडे अशा चार घरांच्या किल्ल्या आहेत. गुडघे दुखतात, तरी तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन ती चारही दारं बघून येते.