पडण्याचे शिक्षण

आपल्या मराठी भाषेत ‘पडणे’ या क्रियापदास जितका अपमान चिकटला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही क्रियापदास क्वचितच चिकटला असेल. मनुष्य तोंडघशी पडतो, मागे पडतो, बाजूस पडतो. त्याचा चेहरा पडतो. आणि इतके होऊनही तो ऐटीत चालू लागला, तर ‘पडलो तरी नाक वर’ म्हणून लोक त्यास हसतात. पडणे ही शिकण्याजोगी, किंबहुना मुद्दाम शिकविण्याजोगी गोष्ट आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही. गतवर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीत मला ती शिकावयास मिळाली, व तीही बर्फावर. मे महिन्यातील भिवंडीकरास ‘बर्फ’ म्हटले म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे काही आठवत नाही, हे मी जाणून आहे. तथापि वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर यावे, अशी विनंती आहे.

माझी धाकटी बहीण कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहते. तिची नऊ वर्षांची कन्या तेथील एका क्लबात फिगर स्केटिंग शिकते. या कलेविषयी प्रथम दोन शब्द सांगणे अवश्य आहे. स्केट म्हणजे घोट्यावर चढणारा ताठ बूट व त्याच्या तळाशी बसविलेले पोलादी पाते. हे पाते सुमारे ४ मिलिमीटर जाड असून त्याच्या तळाशी लांबीभर एक उथळ पन्हळ घासलेली असते. त्यामुळे त्यास आतली व बाहेरची अशा दोन धारा मिळतात. कोणत्या क्षणी कोणत्या धारेवर देहाचा भार टाकावयाचा, यातच या विद्येचे बहुतेक मर्म आहे. पूर्वी या धारांनी बर्फावर आठाचा आकडा व त्याचे नाना प्रकार काढावे लागत, आणि काढलेलीच रेघ पुन्हा गिरवावी लागे. रेघेवर रेघ बसली की नाही, हे परीक्षक वाकून पाहत. ‘फिगर’ हे नाव त्या आकृत्यांवरूनच आले. आपल्या जुन्या शाळांतील धुळाक्षरांचीच ही थंड देशातील बहीण म्हणावयाची! १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हे गिरविणे गेले, आणि आता संगीताच्या साथीवर घेतलेल्या उड्या व गिरक्या तेवढ्या राहिल्या आहेत.

परंतु मला नवल वाटले ते उड्यांचे नव्हे, तर नवशिक्यांना शिकविण्याच्या व्यवस्थेचे. कॅनडातील स्केटिंगची राष्ट्रीय संस्था ‘कॅनस्केट’ नावाचा एक क्रम चालविते, व गावोगावचे क्लब त्याप्रमाणे शिकवितात. त्यात ६ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीचे तोल, ताबा व चपळाई असे तीन विभाग असून एकेका विभागातील कौशल्ये साधली म्हणजे मुलास एक फीत मिळते. तीन फिती झाल्या की त्या पायरीचा बिल्ला. म्हणजे एकंदर १८ फिती. एखादे मूल तोलाच्या तिसऱ्या पायरीवर असून चपळाईच्या पहिल्याच पायरीवर असू शकते. त्यात कोणास वावगे वाटत नाही, व चपळाईसाठी त्याचा तोल कोणी काढून घेत नाही. पहिला कोण व शेवटचा कोण, असा प्रश्नच तेथे निघत नाही. बर्फावर ठिकठिकाणी खुणा मांडून मुलांना एकसारखे फिरते ठेवलेले असते. आपली पाळी येईपर्यंत रांगेत कुडकुडत उभे राहिलेले मूल मला दिसले नाही. पुढच्या पायऱ्यांवरची मोठी मुले लहानांच्या मदतीस असतात. पाचव्या पायरीपर्यंत डोक्यावर शिरस्त्राण घालणे सक्तीचे आहे. पडावयाचे आहे हे गृहीत धरलेले असल्यामुळे पडण्याची तयारीही आधीच करून ठेवलेली असते.

आणि या विद्येतील पहिला धडा कोणता? चालणे नव्हे, उभे राहणेही नव्हे. पडणे व उठणे. त्याच क्लबात प्रौढांसाठी प्राथमिक वर्ग होता. बहिणीच्या आग्रहावरून, आणि भाचीच्या आग्रहावरून अधिक, मी चाळिशी उलटलेली शाळामास्तरीण त्यात दाखल झाले. आदल्या संध्याकाळी भाचीने दिवाणखान्यातील गालिच्यावरच माझी शिकवणी घेतली.

“मावशी, आधी गुडघे वाकव. मागे नाही पडायचं, कुशीवर पडायचं. आणि हात पुढे टेकू नकोस, मनगट मोडतं. मुठी मीट.”

“आणि उठायचं कसं?”

“आधी रांगायचं. मग एक पाऊल दोन हातांच्या मध्ये. मग गुडघ्यावर हात आणि वर!”

दुसऱ्या दिवशी बर्फावर आम्ही नऊ प्रौढ उभे होतो. त्यांत केस पिकलेले एक गृहस्थ होते, नुकतीच त्या देशी आलेली एक सोमाली भगिनी होती, आणि मी. प्रशिक्षिकेने शिटी वाजविताच आम्ही सर्व जण तिच्या आज्ञेने एकदम पडलो! त्या क्षणी कोणाचा चेहरा पडला नाही, हे मी येथे मुद्दाम नमूद करते. सर्वांनीच पडावयाचे असल्यावर लाजावयाचे कोणी कोणास? सहा आठवड्यांत मला दोन पायांवर सरळ घसरता येऊ लागले, व एका पायावर मनात तीन मोजीपर्यंत. एवढीच माझी मिळकत. परंतु मला ती पदवीइतकी प्रिय आहे.

मुलांच्या वर्गात ऐकू न येणारा एक मुलगा होता. प्रशिक्षिका त्याच्यासमोर येऊन हातांनी व स्वतःच्या गुडघ्यांनी त्यास सांगे. इतरांनाही ते ऐकण्यापेक्षा पाहूनच अधिक समजत असे. हे दार सर्वांना पूर्वीपासून उघडे होते, असे मात्र नाही. १९०२ साली लंडन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स नामक इंग्रज स्त्रीने आपले नाव घातले. स्त्रियांस मनाई करणारा नियमच नव्हता, कारण कोणी स्त्री येईल हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते! पुरुषांच्या त्या स्पर्धेत ती दुसरी आली. पुढे स्त्रियांस त्या स्पर्धेत बंदी करण्यात आली. परंतु १९०६ मध्ये त्यांच्यासाठी निराळी स्पर्धा सुरू करावी लागली. ती तिने जिंकली, व १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही मिळविले.

कोणी म्हणेल, भिवंडीत बर्फ कोठला? खरे आहे. आपल्या देशात सिमल्यास १९२० पासून हिवाळ्यात नैसर्गिक बर्फावर स्केटिंग होत आले आहे. आपल्या नशिबी सिमेंटवरील चाकांचे स्केट, व तेही थोड्यांच्याच. पण मला येथे बर्फ आणावयाचा नाही, रीत आणावयाची आहे. आणि ती आपणास अगदीच परकी नाही. मुंबईस शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात अंध मुलांनी मल्लखांब आत्मसात केला आहे. ज्यास खांब दिसत नाही तो खांबावर चढतो, याचे कारण पकड, वेढा, उतरणे हे सर्व त्यास एकेक करून हाताने दाखविलेले असते.

आमच्या गावात यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. शाळेत एकदा पडलेल्या मुलास ते माग दुरूनच हाक मारतात. गेल्या सहामाही परीक्षेनंतर माझ्या नववीच्या वर्गातील एक मुलगी येईनाशी झाली. तिच्या घरी गेले, तेव्हा आई म्हणाली, “बाई, ती सगळ्यांत मागं पडली. आता कशाला पाठवायची?” मी मुलीची गणिताची उत्तरपत्रिका बरोबर नेली होती. गुण थोडे होते. पण भूमितीची रचना निर्दोष होती व टक्केवारीची उदाहरणे बरोबर होती. सारे अपयश बीजगणितात साठले होते. मी तीन रंगांच्या कागदी फिती कापल्या, दोन तिच्या हाती दिल्या, व तिसरी माझ्या वहीत ठेवली. “ही तुझीच आहे,” मी म्हटले, “पण ती शाळेत येऊन घ्यावी लागेल.”

सोमवारी ती आली. ती दहावी उत्तीर्ण होईल की नाही, हे आज मला सांगता येत नाही. तिसरी फीत अद्यापि माझ्या वहीतच आहे. परंतु ती रोज येते, फळ्याशी जाते, समीकरण चुकले तर पुसते आणि पुन्हा लिहिते. याचेच नाव उठणे.

विद्यार्थी मित्रहो, निकालाच्या दिवशी तुमच्यापैकी काही जण पडतील. तो वर्षाचा क्रमच आहे. त्या दिवशी घाईने हात पुढे टेकू नका, म्हणजे एकदम कोणताही निश्चय करू नका. गुडघे वाकवा, आपणास काय येते हे आधी मोजा, मग एक पाऊल पुढे घ्या. आणि जे उभे असतील त्यांनी जवळ थांबावे. कारण त्या बर्फावर पुढच्या पायरीवरच्यांचे पहिले काम मागच्यांस हात देणे हेच होते. इतके सांगून मी लेखणी आवरते.