आधी वाळू द्या

शस्त्रक्रियेआधी रुग्णाची त्वचा निर्जंतुक करण्याला आम्ही ओटीत ‘पेंटिंग’ म्हणतो. नवी सिस्टर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बेटाडीन चांगलं की क्लोरहेक्सिडीन?

बेटाडीन, म्हणजे पोव्हिडोन आयोडीन, जिवाणू, विषाणू, बुरशी या सगळ्यांवर चालतं. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी त्याचं ५ टक्के द्रावण डोळ्यातही घालतात. पण रक्त-पू लागला की त्याचा जोर ओसरतो. क्लोरहेक्सिडीन त्वचेला धरून राहतं आणि तासन्‌तास काम करतं. मात्र डोळा, मधला कान आणि मेंदूची आवरणं यांच्यापासून ते लांबच ठेवायचं. टूथपेस्टच्या फेसानेही ते दुबळं होतं, म्हणून त्याच्या गुळण्या करणाऱ्या रुग्णाला दात घासल्यावर अर्धा तास थांबायला सांगते.

२०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ८४९ रुग्णांचा अभ्यास आला. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल वापरलेल्या ९.५ टक्के, तर बेटाडीनवाल्या १६.१ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला. पण तिथलं बेटाडीन पाण्यातलं होतं. २०२४ मध्ये ‘जामा’त आलेल्या स्विस अभ्यासात दोन्ही औषधं अल्कोहोलमधली होती, आणि बेटाडीन मागे पडलं नाही. म्हणजे बरंचसं श्रेय अल्कोहोलचं असावं.

त्याच अल्कोहोलचा धोकाही मोठा. ओलं असताना कॉटरीची ठिणगी पडली तर ते पेटतं, आणि ओटीच्या झगझगीत दिव्याखाली ती फिकट ज्योत चटकन दिसतही नाही. म्हणून पेंटिंग झाल्यावर मी बेंबी बघते, जांघेची घडी बघते, पाठीखाली हात घालून चादर चाचपते. चादर ओली लागली तर बदलते. केस नसलेल्या त्वचेवर निदान तीन मिनिटं द्यायची. केसांत ओल कितीतरी जास्त वेळ टिकते. बेटाडीनलाही वेळ लागतोच. तपकिरी रंग चढला म्हणजे जंतू मेले, असं नाही.

तेव्हा माझ्या धाकट्या सहकाऱ्यांनो, बाटली कुठलीही असो, तिच्यावरची वेळ वाचा. सर्जन ड्रेप हातात घेऊन “झालं का, सिस्टर?” असं विचारतील. न बिचकता सांगा, “सर, अजून वाळतंय.”