शेवंता की सुमन?

‘पेन्शन’ हा शब्द वाचून पान उलटू नका, प्लीज! आपल्या पिढीसाठी पेन्शन म्हणजे जाहिरातीतलं पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं. पण तुमचं गाव सातारा-सांगलीकडचं असेल, तर नात्यात कुणीतरी मिलिटरीवाला असण्याची शक्यता भरपूर. साताऱ्याजवळच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९८१ मध्ये हवालदार म्हणून रिटायर झाले. २०१५ मध्ये ‘वन रँक, वन पेन्शन’ योजना जाहीर झाली, तीही १ जुलै २०१४ पासून लागू. हुद्दा आणि सेवेची वर्षं सारखी, तर पेन्शनही सारखी, मग रिटायर कधीही झालेले असा. फरकाच्या पैशातून आजोबांनी घरावर नवा पत्रा घातला.

२०२२ मध्ये आजोबा गेले. आता फॅमिली पेन्शन आजीला. सोप्पंय ना? नाही! लष्कराच्या कागदावर बायकोचं नाव शेवंता, आधार कार्डावर सुमन. शेवंता माहेरची, सुमन सासरची. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव लष्कराला कुणी कळवलंच नव्हतं. जन्मतारीखही दोन्हीकडे वेगळी. आधारवर १ जानेवारी, निम्म्या गावाची असते तशी. आता हे पेन्शनर ‘स्पर्श’ या ऑनलाइन यंत्रणेत आहेत आणि कॉम्प्युटरला गावातली ओळखपाळख चालत नाही.

“मीच मी हाय, हे आता कागदानं सांगायचं व्हय?” आजी म्हणाली.

सांगायला सात महिने लागले. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, मग सगळे कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला. त्या काळात आजीने बचत गट सोडला. पणतीच्या बारशाला आली नाही, कारण हातावर ठेवायला स्वतःचे पैसे नव्हते. आम्ही देत होतो की! पण तिचं उत्तर ठरलेलं, “ते तुमचं. माझं न्हवं.”

सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यात हेच सांगितलं होतं. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीतून मिळणारा हक्क आहे. आणि आजोबा सीमेवर असताना शेती, सासू-सासरे आणि तीन पोरं सांभाळणं, ही नोकरी नव्हती तर काय?

दुसरी काळजी सांगलीच्या आत्याची. ती घटस्फोटित आहे, कमाई जेमतेम. आजीनंतर अशा मुलीला पंचविशी उलटल्यावरही फॅमिली पेन्शन मिळू शकते. अट अशी, की उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत हवं आणि घटस्फोटाचा दावा आई-वडिलांपैकी कुणी हयात असतानाच दाखल झालेला हवा. अविवाहित आणि विधवा मुलींनाही ही सोय आहे. आत्याला हे ठाऊकच नव्हतं. आता सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून तिचं नाव रेकॉर्डवर चढवायचं चाललंय. आजी खणखणीत आहे, तोवरच!

म्हणून या वीकेण्डला गावी गेलात, तर एक तास काढा. पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, ट्रंकेतून बाहेर काढा. बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं आधारशी जुळवून बघा. स्पर्शवर मोबाइल नंबर कुणाचा आहे, तेही बघा. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून हेलपाटे मारायला नकोत. आणि आजोबा असतील, तर हे काम त्यांच्यासमोरच करा. चूक आढळली तर त्यांच्या सहीने ती लवकर सुटते.

सुरुवात एका प्रश्नाने करा, “आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?” आम्हा नातवंडांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.