बाबांचा थर्मास

दापोली, मंगळवार रात्र

ती. आईस सा. न.

खोलीत रेंज नाही, म्हणून पत्र. जेवले: कुळथाचं पिठलं, उकड्या तांदळाचा भात, सांडगी मिरची. दीडशे रुपये! पिठल्यात लसूण तुझ्या निम्म्यानेही नव्हती. समुद्र अजून दिसलेला नाही.

बाबांचा थर्मास शोधू नकोस, माझ्याकडे आहे. त्यात उन्हवऱ्याचं पाणी भरलंय. गावाच्या नावातच ऊन, आणि झऱ्याच्या तोंडाशी पारा सत्तरच्या जवळ. बर्फात ठेवलं तर त्यातले ऊन पाण्यात वाढणारे जिवाणू गारठतील, म्हणून थर्मास. ओघळ जसजसा निवतो तसतशी दगडावर हिरवट, मग शेंदरी साय धरते. ती चमच्याने उचलली. गुडघे शेकायला आलेली एक आजी म्हणाली, "पाणी काय नेतेस बाय, आंघोळ कर!" केली नाही. अजून हळहळतेय.

तुरळ, गुरुवार

इथल्या लॉजवाल्याने बाटल्या बघून "असलं घाण पाणी खोलीत चालणार नाही" म्हणून सुनावलं, आणि सकाळी गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पन्नास घेतले. आई, या गावात जमिनीतून फुकट गरम पाणी येतं गं!

नाश्त्याला उकडलेलं अंडं होतं. तापलं की पांढरं घट्ट होतं, कारण प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंततात. मग परत पूर्ववत होत नाहीत. कुंडातल्या जिवाणूंची विकरं, म्हणजे एन्झाइम, हीही प्रथिनंच; ती मात्र त्याच उष्णतेत कामाला लागतात. बाबांच्या नाकात कांडी घातली होती ना, कोविडमध्ये? त्या तपासणीत डीएनएच्या प्रती काढायला दर फेरीत नमुना पंचाण्णव अंशांपर्यंत तापवतात. ही पद्धत निघाली तेव्हा सुरुवातीला प्रती काढायला साध्या जिवाणूचं विकर वापरायचे. ते प्रत्येक फेरीत मरायचं, पुन्हा घालावं लागायचं. टिकाऊ विकर मिळालं ते थर्मस अ‍ॅक्वाटिकसकडून. हा जिवाणू ब्रॉक आणि फ्रीझ यांना अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ऊन झऱ्यांत सापडला. १९६९ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. आमच्या सायीत असं काही निघेल असं नाही. पिठाची साखर करणारं एखादं चिवट विकर मिळालं तरी सर खूश होतील. तशी साखर करणाऱ्या कारखान्यांत पीठ शंभराच्या वर तापवतात.

लॉजवाल्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बादलीचे सुट्टे द्या."

शनिवारी रात्री येते. पिठलं कर, लसूण भरपूर. थर्मासमध्ये आता चहा चालणार नाही. बाबांना तूच सांग.

तुझी,
ताई